बसाप्पाचं जुळं

बसाप्पा बेळगुद्री पहिल्यांदा मेला तो एका सोमवारी दुपारी सव्वातीन वाजता, आणि त्या वेळी तो घरी झोपाळ्यावर बसून भाजक्या शेंगा खात होता.

मेला तो गडहिंग्लजच्या बसस्थानकामागे, हेरवाडकर मॅडमच्या क्लासमध्ये, तीन नंबरच्या पडद्यावर. समोर त्याची मुलगी ऋजुता बसली होती, आणि तिने त्याला बोटही लावलं नव्हतं. क्लासची पद्धत अशी, की पडद्यावरच्या रुग्णाला मॅडम आधी एखादं दुखणं द्यायच्या. कुणाला न्यूमोनिया, कुणाची साखर एकदम उतरलेली. मग मुलींनी ते ओळखून निस्तरायचं. त्या दिवशी मॅडम फोनवर होत्या, दुखणं द्यायचं राहून गेलं, आणि ऋजुताने हाताला चाळा म्हणून रुग्णाला नुसतंच पुढे पळवलं. चोविसाव्या दिवशी दुपारी तो छातीवर हात ठेवून वाकला आणि पडद्यावरची रेष सरळ झाली.

“काय दिलंस त्याला?” मॅडमनी लांबूनच विचारलं.

“काहीच दिलं नाही मॅडम. आपले आपणच गेले.”

मॅडमनी फोन ठेवला. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, एरवी भूकंप झाला तरी तिने आधी चष्मा पुसला असता. त्या दिवशी मात्र तशाच आल्या. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चालवल्यावर त्यांनी ऋजुताच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

माणसाचं जुळं काढायची विद्या तोवर जुनी झाली होती. तळहाताएवढी पट्टी सात दिवस छातीला चिकटवायची. ती ठोके ऐकते, श्वास मोजते, घाम चाखते, झोपेत माणूस कुठल्या कुशीला वळला तेही टिपते. त्यात चमचाभर रक्ताचा हिशेब मिसळला की यंत्र त्या माणसाचं अख्खं शरीर आकड्यांत उभं करतं. हेच ते जुळं. आणि हे जुळं मूळ माणसापेक्षा जोरात धावतं. माणसाला जिथे महिना लागतो तिथे जुळ्याला एक दुपार पुरते. पुढच्या महिन्यात कुठल्या रक्तवाहिनीत काय अडकणार आहे, ते चहा गार व्हायच्या आत कळतं. शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर. उरलेल्या तिघांचं काय होतं ते कुणी विचारत नसे. सत्त्याण्णव हा आकडाच इतका देखणा, की त्याच्या शेजारी उभ्या तिघांकडे कोण बघतो?

नर्सच्या परवान्याची परीक्षाही याच जुळ्यांवर होत असे. चार पर्यायांतून एकावर खूण करायचे दिवस गेले होते. आता समोर चार जुळी ठेवायची आणि वॉर्डातली पूर्ण पाळी काढायची. खूण हेरायची, खुणा एकमेकींना जोडायच्या, आधी कुणाकडे जायचं ते ठरवायचं, करायचं, आणि केलेलं लागू पडतंय का ते बघत राहायचं. ऋजुता यात दोनदा नापास झाली होती. पाठांतर तिचं चोख. पण एकाला धाप लागली आणि दुसरा दुखतंय म्हणून ओरडायला लागला, की ती ओरडणाऱ्याकडे धावायची.

“ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे गं त्याचा!” मॅडम टेबल बडवायच्या. “गप्प बसलाय त्याच्याकडे बघ आधी!”

क्लाससाठी जुळी लागतात, म्हणून प्रत्येक मुलीने प्रवेशाच्या वेळी घरातलं एक मोठं माणूस आणायचं. सराव करायचा तोही आपापल्या माणसावरच. मॅडमचं म्हणणं असं, की परक्याला मारलं तर पोरी जेवणाच्या सुट्टीत विसरतात. ऋजुताची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात माणूस म्हणजे एकटे आप्पाच. म्हणून आप्पांची पट्टी.

ती घरी पोचली तेव्हा झोपाळ्यावर आप्पा आणि खाली पायरीवर पास्कूकाका, अशी रोजची बैठक बसली होती. बसाप्पा एकेकाळचा गडहिंग्लजच्या संघाचा गोलकीपर, आणि पास्कू बारदेस्कर त्याच्या पुढ्यात उभा राहणारा फुलबॅक. गावात फुटबॉल खेळतात त्याहून जास्त बोलतात, आणि बोलण्यात बसाप्पाचा हात धरणारा कुणी नव्हता. बेळगावच्या एका सामन्यात त्याने बॉल असा पकडला की तो हातातच फुटून दोन भाग झाले, एक गोलच्या आत आणि एक बाहेर पडला, आणि रेफ्रीने अर्धा गोल दिला, ही हकिगत गावातल्या लहान पोरांनाही पाठ होती. पास्कूकाका सगळ्याला साक्षीदार. तो हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे. लग्न केलं नाही, बेकरी चालवली. पहाटे साडेचारला भट्टीसमोर, दुपारी दुसरा घाणा, पाचला पावाची फेरी आणि मग या पायरीवर. तब्येत विचारली की म्हणायचा, “काय न्हाय गो बाय.” आयुष्यभराची सगळी दुखणी त्याने या चार शब्दांत मिटवली होती.

ऋजुताने सांगितलं. सांगताना रडली.

“मी मेलो?” आप्पांनी शेंग फोडली. “मग ही टरफलं कोण करालंय?”

“आप्पा, चेष्टा नको. पुढच्या महिन्यातला तिसरा गुरुवार. एखादा दिवस इकडंतिकडं. दुपारचे चार.”

“गुरुवारी न्हाई जमायचं. पालकांची मॅच हाय, मी रेफ्री.”

पास्कूकाका मात्र एकदम गप्प झाला. म्हणजे तो गप्पच असायचा, पण या वेळी त्याने आप्पांकडे असं पाहिलं की आप्पांनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं आणि ते झाडं बघायचं निमित्त करून परसात निघून गेले. ऋजुताला वाटलं, दोघे घाबरले. खुणा जोडायच्या कामात ती अजून कच्चीच होती.

पुढचे तीन आठवडे ती रोज वडिलांना मारत राहिली. गोळी लवकर देऊन पाहिली, उशिरा देऊन पाहिली. मीठ तोडलं, पायऱ्या चढणं बंद केलं. ऑक्सिजन लावला. एकोणचाळीस वेळा बसाप्पा मेला. कधी बुधवारी, कधी शुक्रवारी, बहुतेक वेळा गुरुवारी. चाळिसाव्या खेपेला तिला वाट सापडली. हृदयाच्या डाव्या बाजूची मोठी वाहिनी एका जागी बंद होणार होती. कोसळल्यापासून वीस मिनिटांच्या आत मनगटातून तार घालून ती उघडली की माणूस उठून बसत होता. एकविसाव्या मिनिटाला बसत नव्हता. गोळी चघळली तर आणखी दहा मिनिटं मिळायची. म्हणजे अर्धा तास. सगळा जीव त्या अर्ध्या तासात होता.

जुळ्याचा अंदाज नव्वदच्या वर गेला की दवाखान्याला कळवणं मॅडमना बंधनकारक होतं. तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात वाहिन्या उघडायचं टेबल एकच. यंत्रणेने ते त्या गुरुवारसाठी बसवराज बेळगुद्री या आप्पांच्या कागदावरच्या नावाने राखून टाकलं. ऋजुताला त्या रात्री पहिल्यांदा धड झोप लागली.

एक गोष्ट तिला टोचत होती. जुळ्याला रोज पहाटे ताप यायचा. साडेचारला कातडी तापायची, घाम फुटायचा, ठोके शंभरावर जायचे, सातला सगळं शांत. मॅडम म्हणाल्या, कुठेतरी जुना जंतू असणार, रक्त पुन्हा तपासू. पण ऋजुताने ठरवलं, आधी डोळ्यांनी बघायचं. शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी पहाटे सव्वाचारला ती आप्पांच्या उशाशी जाऊन बसली. मनगट हातात घेतलं. साडेचार वाजले. पावणेपाच वाजले. मनगट गार, नाडी साठ, आणि आप्पा तोंड उघडं टाकून असे घोरत होते की खिडकीची काच वाजत होती.

मग गल्लीतून भाजल्या पावाचा वास आला.

ती तशीच बसून राहिली. पहाटे तापणारी कातडी. घाम. कणीक तिंबताना चढणारे ठोके. कुठला ताप? भट्टी होती ती.

“आप्पा. उठा.”

“काय गं? गेलो का मी?”

“पट्टी कुणाला लावली होती?”

बसाप्पाने आयुष्यात अनेक पेनल्टी अडवल्या होत्या, पण ही सरळ अंगावर आली. त्याने आधी कूस बदलली, मग खोकला काढला, मग देवाकडे बघितलं. शेवटी बोलला. पट्टी घामातली तंबाखू ओळखते, हे त्याला क्लासमधल्या कुठल्याशा पोरीने सांगितलं होतं. आणि तंबाखू सोडल्याची शपथ त्याने बायकोच्या फोटोसमोर, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती. तेव्हा रक्त दिलं त्याने स्वतःचं, पहिल्या संध्याकाळी पट्टीही लावून घेतली, आणि घरी येऊन खोबरेल तेलाने अलगद सोडवून पास्कूच्या छातीवर चिकटवली. “तो पावाशिवाय कशाला शिवत न्हाई. म्हटलं, तेवढाच मला चांगला शेरा मिळंल. आणि मरणाचं ऐकलं तवा वाटलं, रक्त माझं, घाम त्याचा, यंत्राचाच घोटाळा असंल.”

“आप्पा, पास्कूकाका मरणार आहेत.”

बसाप्पा अंथरुणात उठून बसला. पाय खाली सोडून तो चपला चाचपू लागला.

बेकरीत पास्कूकाका फळ्यांवर पाव रचत होता. ऋजुताने सगळं सांगितलं. तो हात पुसत ऐकत राहिला.

“म्हणजे माझं काळीज बश्याच्या नावावर?” तो म्हणाला. “तरी म्हटलं, अलीकडे तो एवढा भला कसा वागतो.”

“काका, छातीत दुखतं?”

“काय न्हाय गो बाय.”

“हात? पाठ?”

“न्हाय.” मग जरा थांबून, “दाढ दुखते. महिना झाला. दाताचा डॉक्टर म्हणतो दाढ बरी आहे. तो काय मला आवडत न्हाय.”

“चालताना दुखते?”

“घाणा ओढताना. बसलो की थांबते.”

कष्ट केले की दुखणारी आणि बसलं की थांबणारी दाढ ही दाढ नसते, काळीज असतं, हे ऋजुताला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. आता फक्त कुणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं.

सकाळी नऊला तिघे दवाखान्यात. डॉक्टर पारगावकर तरुण होते, सज्जन होते, आणि रात्रभर जागे होते. त्यांनी पास्कूकाकाच्या हृदयाचा आलेख काढला. अगदी निरोगी.

“आत्ता काही नाही यांना. दाढेचं ऐकलं मी, पण तेवढ्यावर टेबल मिळत नाही.”

“आत्ता नाहीच दिसणार सर. गुरुवारी होणार आहे.”

“कशावरून?”

“जुळ्यावरून.”

“जुळं कुणाचं?”

“आप्पांचं. म्हणजे नावानं आप्पांचं.”

“मग आप्पांसाठी टेबल ठेवलंय की.”

बसाप्पा पुढे झाला. हात जोडले. “डॉक्टरसाहेब, मी खोटं बोललो. पट्टी या पास्क्याला लावली हुती. देवाशपथ.”

डॉक्टर थकलेलं हसले. “काका, तारीख जवळ आली की सगळेच असं म्हणतात. गेल्या महिन्यात तिघांनी सांगितलं पट्टी दुसऱ्याची म्हणून. एकाने तर म्हशीला लावली होती म्हणे. त्याला आम्ही टेबलावर घेतलं, वाहिनी बंदच निघाली. आज दूध घालतोय डेअरीला.”

“पण आप्पांची तपासणी करून बघा,” ऋजुता म्हणाली. “त्यांचाही आलेख निरोगीच येईल.”

“येईलच. अंदाज आहे तो, होण्याआधीचा आलेख निरोगीच असतो.”

“मग काकांचाही निरोगी आला ना!”

“काकांचा अंदाजच नाहीये गं.”

ऋजुताला एकदम सुचलं. “घाम तपासा सर. आप्पांच्या घामात तंबाखू निघेल. जुळ्याच्या घामात तंबाखूच नाही. मग दोघे एक कसे?”

डॉक्टर खरोखर चमकले. घाम तपासला. तंबाखू निघाली, भरपूर निघाली. डॉक्टरांनी ती नोंद यंत्रात घातली, आणि यंत्राने क्षणभर विचार करून बसाप्पाचा धोका एक्क्याण्णववरून शहाण्णववर नेला. शेजारी कारणही दिलं. रुग्णाने अलीकडे तंबाखू सुरू केली आहे.

“नोंदीतला माणूस बदलायचा तर समिती बसते,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “पंधरा दिवस लागतात. मी अर्ज लिहून देतो. तोवर यांना पट्टी लावा. सात दिवसांत यांचं स्वतःचं जुळं तयार होईल.”

“आपल्याकडे तीन आहेत.”

डॉक्टरांनी पेन उघडलं. अर्ज मात्र त्यांनी मनापासून लिहिला, दोन पानं.

मंगळवारी ती पास्कूकाकाच्याच पावाच्या गाडीतून त्याला कोल्हापूरला घेऊन गेली. दोन दवाखाने झाले. दोन्हीकडे पहिला प्रश्न, जुळं आहे का. दुसऱ्या ठिकाणी तर आलेख काढणाऱ्या पोरीने काकांचे बाहू दाबून बघितले आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही आमच्यापेक्षा दणकट आहात.” परत येताना छातीवर स्वतःच्या नावाची नवी पट्टी घेऊन पास्कूकाका गाडी चालवत होता. तिचं जुळं बुधवारी तयार होणार होतं. पुढच्या बुधवारी.

“बश्याला बोलू नको हां,” तो उताराला म्हणाला. “चिकटवून घेतली ती मीच ना. तंबाखूची पुडी पण मीच आणून देतो त्याला.”

बुधवारी सकाळी दारात दवाखान्याची गाडी उभी राहिली. अंदाज पंच्याण्णवच्या वर गेलेल्या माणसाला घरी ठेवता येत नाही, असा नियम होता. बसाप्पाला चौघांनी उचलून नेलं. गल्लीतल्या बायका दाराशी येऊन डोळे पुसत होत्या, आणि बसाप्पा आतून ओरडत होता, “मला न्हाई रं, त्या पास्क्याला न्या!” आयुष्यात पहिल्यांदा तो अक्षरन् अक्षर खरं बोलत होता आणि गल्लीत एकाचाही विश्वास बसत नव्हता.

ऋजुता रात्रभर विचार करत राहिली आणि तिला एकच मार्ग दिसला. टेबल गुरुवारी दिवसभर राखीव आहे. म्हणजे आप्पांना काही होईपर्यंत रिकामं. आप्पांना काही होणारच नाही. मग पास्कूकाकाला त्या टेबलापासून दहा पावलांवर बसवायचं. दवाखान्याच्या आत कोसळलेल्या माणसाला कुठलीही यंत्रणा नाव विचारत नाही. सकाळी तिने डॉक्टर पारगावकरांना हे सांगितलं.

“परीक्षेत हे लिहिलंस तर पूर्ण मार्क मिळतील,” ते म्हणाले. “आण त्यांना. टेबल मी रिकामं ठेवतो.”

गुरुवारी पास्कूकाका अडीचला आला. दुपारचा घाणा उतरवल्याशिवाय तो येणं शक्य नव्हतं. पाव गोणपाटात गुंडाळून गाडीत ठेवले होते, पाचच्या फेरीसाठी. ऋजुताने त्याला टेबलाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं, गोळी चघळायला दिली, आणि मनगट धरून शेजारी बसली.

“लग्नाला बसवल्यासारखं वाटतं,” पास्कूकाका म्हणाला.

समोरच्या वॉर्डातून बसाप्पाचा आवाज येत होता. तीन वाजून गेले तसा तो वाढत गेला. घड्याळ त्यालाही दिसत होतं. “अरे त्याला आत घ्या! सोडा मला! मला काय झालेलं न्हाई! तो बाहीर बसलाय, त्याला घ्या!” त्याने हातातली सुई उपटली. खाटेवरून उतरला. दोन परिचारकांना त्याने असं ढकललं, जसं पूर्वी सेंटर फॉरवर्डला ढकलायचा.

ऋजुता उठून वॉर्डाच्या दाराशी गेली. “आप्पा, गप्प राहा! तुमच्या पाया पडते, फक्त तासभर गप्प राहा!”

“गप्प कसा राहू? मरालाय तो!”

खाटेवरचं यंत्र हे सगळं ऐकत होतं. त्याने नोंद केली. रुग्ण अस्वस्थ. रुग्ण दुसऱ्याविषयी बोलतो. भान हरपत आहे. घाम. ठोके एकशेवीस. आणि जुळ्याच्या वेळापत्रकाशी ताडून पाहून निर्णय दिला, सुरुवात झाली आहे. लाल दिवा लागला. बसाप्पाला गुंगीचं इंजेक्शन बसलं, खाट चाकांवर फिरली, आणि ऋजुताच्या डोळ्यांदेखत बाकाच्या समोरून टेबलाच्या खोलीत गेली. डॉक्टर पारगावकर मागून धावत आले.

“सर, नको! त्यांना काही नाही, ते फक्त ओरडतायत!”

“मला माहीत आहे गं,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. “पण लाल दिव्यावर मी नाही घेतलं आणि तीन टक्के मीच चुकलो तर? पंधरा मिनिटं. बघतो आणि काढतो.”

दार बंद झालं. तीन वाजून छत्तीस मिनिटं.

ऋजुता बाकाकडे परतली. पास्कूकाका बंद दाराकडे बघत होता. आतून आता आवाज येत नव्हता.

“झोपला वाटतं बश्या,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “दाढ थांबली गो.”

तिने त्याच्या कपाळाला हात लावला. भट्टीसमोर यावा तसा घाम होता, पण गार.

“काका?”

“काय न्हाय.”

आणि तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून कलंडला. तीन अठ्ठेचाळीस.

तिने त्याला जमिनीवर घेतलं, शर्ट फाडला, त्याच्या नावाची ती नवी पट्टी बाजूला ओढली आणि दाबायला सुरुवात केली. सगळे आले. खरंच सगळे आले, कुणी नाव विचारलं नाही. झटका देण्याचं यंत्र आलं, एकदा दिला, दुसऱ्यांदा दिला. ठोका परतला, पुन्हा गेला. तिने दारावर थाप मारली. आत डॉक्टरांची तार बसाप्पाच्या हृदयात होती. बसाप्पाच्या वाहिन्या पावसाळ्यानंतरच्या हिरण्यकेशी नदीसारख्या भरून वाहत होत्या, कुठे खडा नाही. पण यंत्र म्हणत होतं, चित्र जुळ्याशी जुळत नाही, पुन्हा पाहा. खात्री पटेपर्यंत यंत्राचं कुलूप तार काढू देत नव्हतं. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. शेवटी त्यांनी यंत्राची वायर भिंतीतून उपटली आणि बसाप्पाची तार हाताने बाहेर काढली.

पास्कू बारदेस्कर टेबलावर गेला तेव्हा चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. ऋजुताला हे आकडे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी ती दाबत राहिली. वाहिनी उघडली, नेमकी तिथेच, जिथे तिने चाळीस वेळा पाहिली होती. रक्त पुढे गेलं. हृदयाने ते घेतलं नाही.

चार चाळीसला डॉक्टर पारगावकरांनी तिचे हात धरून थांबवले.

बाहेरच्या भिंतीवरच्या फळ्यावर हिरवी ओळ आली होती. बेळगुद्री बसवराज, वय सहासष्ट, धोका टळला. खाली मुख्य डॉक्टरांचा हात ऋजुताच्या हातात होता आणि ते काहीतरी चांगलं बोलत होते. प्रत्यक्ष रुग्णाचा अंदाज वेळेत ओळखून जीव वाचवलेल्या उमेदवाराला परीक्षा माफ असते, मंडळाचा निरोप आला आहे, परवाना दोन दिवसांत मिळेल. तिने विचारलं, कुणाचा जीव. त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं.

सव्वापाचला आप्पांना जाग आली. मनगटाला घट्ट बांधलं होतं. डोळे जड होते. तिने नाडी धरली. चौसष्ट.

“पास्क्या?” त्यांनी विचारलं.

टेबलावरून नुकत्याच उतरलेल्या माणसाला काही तास धक्का द्यायचा नाही. आधी हे, मग बाकीचं. तिने क्रम लावला. चुकला नव्हता.

“चहा प्यायला गेलेत कँटीनमध्ये,” ती म्हणाली.

बसाप्पाने तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि पाणी कानाकडे ओघळलं.

“तुला न्हाई येत गं,” तो म्हणाला. “ते काम माझं.”

तिने एका हाताने पांघरूण सारखं केलं. मनगट तेवढं सोडलं नाही. तो पुन्हा झोपला असं वाटत असतानाच त्याचे ओठ हलले.

“गाडीत पाव असतील त्याचे. पाच वाजून गेले. लोक वाट बघत बसतील.”

गाडी दवाखान्याच्या आवारात उन्हात उभी होती. किल्ली तशीच लावलेली. ऋजुता ती चालवत काळभैरीच्या रस्त्याने पहिल्या वळणावरच्या घरापाशी आली आणि तिने भोंगा वाजवला, कसा वाजवायचा ते माहीत नव्हतं म्हणून नुसताच एकदा. म्हातारी सावंत बाई परात घेऊन बाहेर आल्या.

“तू कशी गं आज? पास्कू कुठं गेला?”

ऋजुताने गोणपाट उलगडलं आणि सहा पाव परातीत ठेवले. सावंत बाई उत्तराची वाट बघत थांबल्या. मग त्यांनी सवयीने एक पाव उचलला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि गालाला लावला.

“ऊब हाय बघ अजून,” त्या म्हणाल्या.